हाताने करायची कामं

सोमवारी सकाळी आठ वाजून सहा मिनिटांनी ती धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचली, तर तिच्या खुर्चीवर दुसरीच बाई बसलेली. तसं पाहिलं तर त्यात वावगं काही नव्हतं. शुक्रवार हा तिचा या नोकरीतला शेवटचा दिवस, आणि मग ती खुर्ची त्या बाईचीच होणार होती. खुर्चीच काय, टेबल, खिडकी, खिडकीतून दिसणारी हॉस्पिटलच्या दारातली रांग, सगळंच. "उंची जमतेय का बघत होते," असं म्हणत ती बाई हसत उठलीसुद्धा. बस सिग्नलला अडकली, लिफ्ट दुरुस्तीला काढलेली, तीन मजले चढून आल्यावर समोर हे. भिंतीवरचं घड्याळ आठ सात दाखवत होतं. ही बाई आता शेजारी खुर्ची ओढून बसणार, वही उघडणार आणि मागच्या आठवड्यात अर्धवट राहिलेला प्रश्न विचारणार, हे तिला स्पष्ट दिसलं. तिने टेबलावरची बाटली उचलली आणि पुढे केली. "माझं एवढं पाणी भरून आणता का? खालच्या मजल्यावरून. या मजल्यावरचं मला बाधतं." या मजल्यावरचं पाणी ती अकरा वर्षं पीत आली होती. ती बाई बाटली घेऊन निमूट गेली. जिन्यावर पावलं वाजेनाशी झाली तेव्हा हिने स्क्रीनवर स्वतःच्या नावाचा फोल्डर उघडला, त्याच्या आतला, मग त्याच्याही आतली फाइल, आणि एक कळ दाबली. एकतीस ओळी सरसर वर गेल्या. शेवटी आकडा आला, एकतीस. तिने खिडकी बंद केली, स्क्रीनवरची, आणि खुर्चीत टेकली तेव्हा पाठ ओली झाल्याचं तिला कळलं. स्वतःच्याच वयाच्या बाईला पाणी भरायला पिटाळलं, याची लाज त्यानंतर वाटली.

त्या बाईला सगळे नवी म्हणत. नावालाच नवी, नाहीतर वय चव्वेचाळीस, केस निम्मे पांढरे, ते लपवायची अजिबात हौस नाही. दुसऱ्या विभागातून बदलून आलेली. तिला प्रश्न विचारायची खोड होती, आणि तेही साधे, ज्यांची उत्तरं द्यायला माणूस कधी बसतच नाही असे. हे बटण इथेच का? ही यादी रोजच का बनते? ती कोण वाचतं? मागच्या आठवड्यात नवीने असं विचारून विचारून तीन याद्या शोधून काढल्या होत्या ज्या कोणीच वाचत नव्हतं. सोबतच्या लोकांनी तिचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलं होतं आणि तेही तिला कळलं होतं. "निदान उत्तरपत्रिका तुमच्याकडे आहे," असं म्हणून ती आपली वही पुढे करायची. उत्तरपत्रिका म्हणजे हँडओव्हरचं डॉक्युमेंट. चौसष्ट पानांचं. हॉस्पिटलच्या दोन शाखांमधल्या सगळ्या रुग्णांच्या नोंदी ज्या सिस्टीममध्ये राहतात, ती सिस्टीम बसवल्यापासून सांभाळणाऱ्या बाईने जाता जाता लिहून ठेवलेलं सगळं शहाणपण. कुठला कोड कशासाठी, काय बंद पडलं तर आधी काय बघायचं, कुठल्या यंत्राला किती वेळा मारून मुटकून उठवावं लागतं. तिला लिहिताना मजा आली होती, खोटं कशाला बोला. पान चाळीसपर्यंत तर तिला वाटलं होतं, आपण एवढं काम केलं! मग पान एक्केचाळीसवर तो तक्ता आला. ऑफिसने सगळ्यांना दिलेला ठराविक तक्ता, सातवा रकाना: रोज हाताने करायची कामं. तिची बोटं थांबलीसुद्धा नाहीत. तिने टाइप केलं, काही नाही. आणि पुढच्या रकान्यात गेली. त्याला आता बारा दिवस झाले होते. त्या बारा दिवसांत ती त्या पानावरून कितीदा तरी गेली, आणि प्रत्येक वेळी ते दोन शब्द नीट नेटके बसलेले दिसले. खोटं लिहिलेलं खऱ्याहून वेगळं दिसत नाही, हे तिला माहीत नव्हतं असं नाही, पण इतक्या जवळून तिने ते कधी पाहिलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी जुनी सिस्टीम काढून ही नवी बसवली तेव्हा दोन्ही शाखांच्या नोंदी एकत्र करायच्या होत्या. एकाच माणसाची इथेही फाइल, तिथेही फाइल, असं हजारोंचं होतं. कोणती फाइल कोणाची हे ठरवायला नियम हवा. तिने नियम लिहिला: नाव तेच आणि जन्मतारीख तीच, तर माणूस तोच. लिहितानाच तिला माहीत होतं की हे पुरेसं नाही. जगात एका नावाची माणसं असतात आणि एका दिवशी जन्मलेलीही असतात, हे काय सांगायला हवं? तिने ठरवलं होतं की नंतर सगळ्या जोड्या काढायच्या आणि एकेक डोळ्यांखालून घालायची. पण उद्घाटनाची तारीख ठरलेली, फिती कापणारे ठरलेले. विभागाचे साहेब दारात उभे राहून म्हणाले, "तपासलंय ना सगळं?" आणि ती म्हणाली, "हो, तपासलंय." एक क्षणही मध्ये गेला नाही. सही केली. तीन आठवड्यांनी, दुसरंच काही शोधताना, तिला एक फाइल दिसली जिच्यात एका बाईचा रक्तगट दोन ठिकाणी दोन लिहिलेला होता. त्या दिवशी डबा न उघडता ती सगळ्या जोड्या बघत बसली आणि संध्याकाळपर्यंत एकतीस निघाल्या. एकतीस फाइली, ज्यांत दोन-दोन माणसं कोंबलेली. तिने त्यांना हाताने वेगळं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळी पुन्हा एक झालेली. कारण नियम तिथेच होता. रोज सकाळी साडेसातला दुसऱ्या शाखेच्या नोंदी यायच्या, आठपर्यंत नियम आपलं काम चोख करायचा, आणि वेगळी केलेली माणसं पुन्हा एकमेकांत मिसळायची. नियम बदलायचा तर अर्ज करावा लागतो, अर्जात कारण लिहावं लागतं, आणि कारणाखाली तारीख. म्हणून तिने एक छोटी फाइल केली. एकतीस जोड्या त्यात नावानिशी, कोणाचं काय ते लिहून ठेवलेलं. ती चालवली की माणसं परत सुटी. आठला मिसळणं संपतं, साडेआठला खाली काउंटर उघडतात, मध्ये आठ दहा. ते काम आपोआप होईल अशी व्यवस्था करता आली असती, ती तर या बाबतीत वस्ताद होती. पण आपोआप होणाऱ्या कामांची यादी भिंतीवर लागते, सगळे वाचतात. म्हणून हाताने. एक आठवडा, फार तर दोन, असं ती तेव्हा स्वतःला म्हणाली होती. धामधूम संपली की साहेबांना नीट सांगायचं. धामधूम संपली. मग साहेबांची मुलगी आजारी होती, मग त्यांना बढती मिळाली आणि अख्खं हॉस्पिटल त्यांच्या हाताखाली आलं, मग इतके दिवस का नाही सांगितलंत असं ते विचारतील म्हणून, आणि मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत असं विचारतील म्हणून. जितकं थांबावं तितकं सांगणं महाग पडत गेलं.

या एकतीस जोड्यांपैकी तीस तिला नुसती नावं होती. एक मात्र तशी नव्हती. दोन बायका, नाव एक, तारीख एक, स्क्रीनवर एकीची ओळ डावीकडे यायची, दुसरीची उजवीकडे. तिने मनात त्यांना डावी आणि उजवी म्हणायला सुरुवात केली ती कधी हे आठवत नाही. उजवी या शाखेतली. तिचं सगळं तिला पाठ झालं होतं, गुडघा, चष्म्याचा वाढलेला नंबर, एकदा पडून मनगट मोडलेलं. डावी दुसऱ्या शाखेतली. डावीला एक इंजेक्शन चालत नव्हतं, साधंच, कुठल्याही तापात देतात ते. तिच्या फाइलमध्ये तसं लाल अक्षरात होतं. दोघी एक झाल्या तेव्हा नियमाने उजवीचा रकाना ठेवला, आणि उजवीचा रकाना कोरा होता. त्या तीन आठवड्यांत, म्हणजे चूक झाली आणि चूक दिसली याच्या मधल्या तीन आठवड्यांत, डावी हॉस्पिटलमध्ये दाखल झाली होती. चार दिवस. ताप. एवढं यादीत दिसत होतं. आत काय झालं ते पुढच्या पानावर असणार. ते पान तिने उघडलं नव्हतं. नऊ वर्षांत एकदाही नाही. आणि त्या चार दिवसांनंतर डावीच्या नावावर काहीही नव्हतं. ना तपासणी, ना चष्मा, ना साधं सर्दीचं औषध. उजवी वर्षातून चार वेळा यायची. डावी त्या तापानंतर कधीच आली नाही. पान उघडायला एक टिचकी पुरे होती. काही वेळा तिचं बोट तिथपर्यंत जायचं, मग खालून कुणीतरी हाक मारायचं किंवा फोन वाजायचा, आणि हाक मारणाऱ्याचे तिला उपकार वाटायचे. रस्त्यात, बसमध्ये, भाजी घेताना, त्या जन्मतारखेच्या वयाची बाई दिसली की ती तिच्या तोंडाकडे बघत राहायची. एकदा एका बाईने विचारलंही, "आपण ओळखतो का एकमेकींना?" ती म्हणाली, "नाही, मला वाटलं तुम्ही त्याच." कोण त्याच, हे तिलाही सांगता आलं नसतं.

घरी नवऱ्याला एवढंच ठाऊक की बायको कामाला वाहून घेतलेली आहे. तो शाळेत भूगोल शिकवायचा, आणि सुट्टीत नकाशावरच्या जागा प्रत्यक्ष बघाव्यात अशी त्याची साधी इच्छा. पण कुठेही गेलं तरी आठ दहाला बायको लॅपटॉप घेऊन गायब. एका सहलीत, डोंगरावरच्या लॉजमध्ये, ती फोनला रेंज मिळेना म्हणून सकाळीच खाली रस्त्यापर्यंत गेली आणि परत आली तेव्हा तो पायरीवर बसलेला होता. "एक विचारू?" तो म्हणाला. "कुणी आहे का?" तिला आधी कळलंच नाही. मग इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी हसण्याचं नव्हतं. "एकतीस जोड्या आहेत," असं ती म्हणून गेली. त्याला वाटलं थट्टा. बरं झालं असतं कुणी असता तर, असं तिला त्या वेळी खरंच वाटलं, निदान संपला तरी असता. आणि बाबा गेले ती सकाळ. तिचे बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांचं पोट भरलं. ते प्रत्येक पान तीनदा वाचायचे, दोनदा सरळ आणि एकदा शेवटच्या शब्दापासून उलट, कारण सरळ वाचताना डोळा अर्थाच्या मागे पळतो आणि चुकीवरून उडी मारतो. लहानपणी ती त्यांच्या मांडीशी बसून ते उलटं वाचन ऐकायची, अर्थाचा पत्ता नसलेले शब्द, एकामागून एक. बाबा सकाळी आठला गेले. आठ दहाला ती त्यांच्या खोलीबाहेरच्या जिन्यात पायरीवर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, एकतीस ओळी वर जाताना बघत होती. आई दारातून बघत होती. "आत्तासुद्धा?" आई एवढंच म्हणाली. कुणाचा तरी श्वास अडकू नये म्हणून बसलेय, असं म्हटलं असतं तर आईने विचारलं असतं, कुणाचा? मग सगळंच सांगावं लागलं असतं, आणि सांगायला ज्यांच्यासमोर सर्वांत जास्त लाज वाटली असती ते आत चादरीखाली होते.

राजीनामा दिला त्याचं कारण तिने सगळ्यांना सांगितलं, घराजवळ काम मिळालं. ते खरंच होतं. पण त्याआधी एक सकाळ होती. तिने फाइल चालवली, खिडकी बंद केली, आणि पुढच्याच मिनिटाला तिला आठवेना की चालवली का. पुन्हा चालवली. पुन्हा आठवेना. कुलूप लावलं की नाही म्हणून जिन्यातून चारदा परत येणारी माणसं असतात तसं तिने ते पाच वेळा केलं, आणि दुपारी राजीनामा लिहिला. तेव्हा वाटलं होतं, सुटले. सुटायचं म्हणजे कुणाच्या तरी अंगावर टाकून सुटायचं, हे तक्त्याच्या सातव्या रकान्यापर्यंत डोक्यात आलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी तिचं खातं बंद होणार. शनिवारी आठ दहाला कुणीही काहीही करणार नाही. आणि साडेआठला खाली काउंटर उघडतील तेव्हा एकतीस फाइलींत बासष्ट माणसं असतील. रकान्यात खरं लिहिलं तर नऊ वर्षांची चोरी सही-शिक्क्यानिशी उघडी पडणार. डावीचं पान कुणीतरी उघडणारच, आणि त्यात जे असेल ते तिच्या सहीखाली असेल.

बुधवारी दुपारी नवी आपली वही मिटून बसली होती. बराच वेळ काही विचारलं नाही, ही गोष्टच तिला लागली. मग नवी म्हणाली, "मॅडम, तुम्हाला नऊ वर्षांत एकदाही ताप आला नाही का हो?"

"म्हणजे?"

"नाही, सहज. मी जुने लॉग वाचत होते. कोण कधी आत आलं, काय बदललं, तो सगळा माग राहतो ना. रोज आठ दहाला तुम्ही आहात. रविवारी आहात, सुट्टीच्या दिवशी आहात. माझं तर वर्षातून दोनदा तरी अंथरूण धरून होतं." नवीच्या डोळ्यांत आरोप नव्हता, आणि तेच जास्त कठीण होतं.

"सवय," ती म्हणाली. "सकाळी एकदा सगळं ठीक आहे ना ते बघते."

"हां. मग तेही लिहायला हवं ना, सातव्या रकान्यात?"

"लिहिते."

नवीने मान डोलावली आणि चहा आणायला गेली. ती पान एक्केचाळीस उघडून बसली. काही नाही. तिने ते दोन शब्द पुसले, आणि रकाना कोरा झाला, आणि त्या कोऱ्या चौकोनाकडे बघताना तिला डावीचा रकाना आठवला. तोही असाच दिसला असेल, इंजेक्शन हातात घेतलेल्या कुणाला तरी. तिने घाईघाईने पुन्हा लिहिलं, काही नाही. नवी दोन कप घेऊन आली तेव्हा ती बावन्नाव्या पानावर होती, आणि आवाजात जमेल तेवढी सहजता आणून म्हणाली, "साखर घातलीत ना?"

गुरुवारी निरोपसमारंभ. केक होता, त्यावर तिचं नाव होतं आणि त्यातही एक अक्षर चुकलेलं होतं. बाबांनी सुरीच्या टोकाने दुरुस्त केलं असतं. साहेब आले, आता सगळ्या हॉस्पिटलचे प्रमुख, डोक्यावर केस उरले नव्हते पण आवाज तोच. "या बाईंच्या कारकिर्दीत," ते म्हणाले, "नोंदींच्या बाबतीत माझ्याकडे एक तक्रार आली नाही. एक. मी उद्घाटनाच्या दिवशी यांना विचारलं, तपासलंय ना? तर म्हणाल्या, तपासलंय. त्यानंतर मला कधी दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही." टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी मिळून एक प्रवासाची बॅग दिली. "आता तरी सुट्टी घ्या," कुणीतरी मागून ओरडलं, सगळे हसले, तीही हसली. नवी टाळ्या वाजवत नव्हती. ती तिच्याकडे बघत होती, जसं घरातलं कुणी आजारी माणसाकडे बघतं, आत्ता विचारावं की नको अशा नजरेने. घरी जाताना ती रिकामी बॅग बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. शेजारची बाई म्हणाली, "लांब निघालात वाटतं?" त्या बाईचं वय साधारण तेच होतं. ती म्हणाली, "नाही हो, अजून नाही."

शुक्रवारी ती सात पन्नासलाच पोचली. लिफ्ट सुरू झाली होती तरी जिना चढून आली, तेवढाच वेळ. आठ वाजले. नवी आली, पर्स ठेवली, आणि आपणहून म्हणाली, "पाणी भरून आणू का?" म्हणजे तेही नवीला कळलं होतं. आणि तेवढ्यात, काय झालं कुणास ठाऊक, कदाचित काहीच झालं नाही, कदाचित नऊ वर्षं धरून ठेवलेला हात नुसता दमला, तिने शेजारची खुर्ची ओढली. "नको. बसा. दाखवते."

तिने सगळं सांगितलं. सांगायला किती वेळ लागावा? चार मिनिटं लागली. नियम, साहेब दारात, तपासलंय, एकतीस, रोज सकाळी. बोलताना ती नवीकडे बघत नव्हती, फाइलच्या नावाकडे बघत होती. नवीने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, प्रश्नपत्रिकेने! शेवटी फक्त म्हणाली, "आठ आठ झालेत. आधी चालवा. मग बोलू." एकतीस ओळी वर गेल्या. दोघींनी मिळून बघितल्या. मग तिने डावी आणि उजवीबद्दल सांगितलं. "एक पान आहे. मी उघडलेलं नाही."

"मी उघडू?"

"नाही. मी."

टिचकी मारायला खरंच काही लागलं नाही. पान आलं. त्या काळात वॉर्डात अजून कागदावरच लिहीत, मग कागदाचा फोटो जोडत. अक्षर रात्रपाळीच्या सिस्टरचं, घाईचं पण स्वच्छ. तिने वाचलं, आणि अर्थ पोचला नाही म्हणून पुन्हा वाचलं. स्क्रीनवर अॅलर्जीचा रकाना कोरा आहे. तरी पेशंटला विचारलं. हे इंजेक्शन चालत नाही म्हणतात, मागे एकदा श्वास अडकला होता. दिलं नाही. डॉक्टरांना कळवून दुसरं लिहून घेतलं. त्याखाली चौथ्या दिवसाची नोंद: ताप उतरला. चालत गेल्या. यापुढे मुलीकडे परगावी राहणार, सगळे कागद सोबत दिले.

चालत गेल्या. तिने ते दोन शब्द बोटाने धरून ठेवले, काचेवर. मग ती रडायला लागली, अगदी लहान मुलीसारखी, नाक पुसायलाही काही नाही अशी. कोण ती सिस्टर? एक साधा प्रश्न विचारला तिने, खाटेपाशी उभं राहून, आणि विसरूनही गेली असेल. आणि इथे नऊ वर्षं, रविवार, डोंगर, बाबा. डावी कुठेतरी मुलीच्या घरी आरामात होती, भांडत असेल, टीव्ही बघत असेल, आणि ही तिला रोज सकाळी मरणातून ओढून काढत होती. नवीने रुमाल दिला. तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि हात तसाच ठेवून ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग हात निघाला.

"मॅडम," नवी म्हणाली, "हे एकतीस नऊ वर्षांपूर्वीचे."

"हो."

"आणि नंतरचे?"

तिला प्रश्न कळला नाही. म्हणजे शब्द कळले. नियम रोज साडेसातला चालतो. रोज नवी माणसं येतात, नवी नावं, नव्या तारखा. फाइलमध्ये मात्र एकतीसच नावं आहेत, तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली, त्या एका संध्याकाळी. त्या एकतीस ओळी ती नऊ वर्षं सरळ वाचत आली होती. विचार केला असता तर कळलं असतं. म्हणूनच कधी केला नव्हता.

नवीने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. "पत्ता बदलतो, फोन बदलतो, ते धरायला नकोत," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "रक्तगट काही बदलत नाही. एका फाइलमध्ये दोन रक्तगट असतील तेवढेच काढू." तीन ओळी लिहिल्या. कळ दाबली. स्क्रीन क्षणभर रिकामी राहिली, आणि मग खाली आकडा आला. तुमचे एकतीस सोडून, असं नवी म्हणाली, पण ते सांगायची गरज नव्हती. चौऱ्याऐंशी. आणि हे फक्त ज्यांचे रक्तगट वेगळे, तेवढे. ज्यांचे योगायोगाने सारखे असतील ते यात नव्हतेच.

आठ एकवीस झाले होते. तिने रुमाल टेबलावर ठेवला. रडू कुठल्या कुठे गेलं होतं, डोकं अगदी स्वच्छ होतं, इतकं स्वच्छ की भीती वाटावी. "नियम बंद करायला किती वेळ लागेल?" ती म्हणाली.

"बंद करायला पाच मिनिटं. ही माणसं सोडवायला दिवस जाईल. दोन कदाचित."

"मी आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी खातं बंद झालं तर तुमच्या खात्यातून बसेन." मग तिने फोन उचलला आणि साहेबांचा नंबर फिरवला. तो तिला पाठ होता, नऊ वर्षं पाठ होता. पलीकडे आवाज आनंदी होता. "काय, शेवटच्या दिवशीही एवढ्या लवकर?"

"साहेब, काउंटर उघडू देऊ नका."

"का? काय झालं?"

"तुम्ही उद्घाटनाच्या दिवशी विचारलं होतंत, तपासलंय ना." तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला, पण तो कापत नव्हता. "मी तपासलं नव्हतं. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आत्ता या क्षणी निदान चौऱ्याऐंशी फाइलींत दोन-दोन माणसं आहेत. स्क्रीनवर जे दिसतंय त्यावर आज कुणीही औषध देऊ नये. लेखी देते. आधी हे थांबवा."

तिला वाटलं, आता येईल ते येऊ दे. साहेब बोलले तेव्हा त्यांचा आवाज कालच्या भाषणातला नव्हता. "तुमच्याशी मी नंतर बोलतो," ते म्हणाले. "वॉर्डांना मी आत्ता कळवतो. खाली प्रत्येक माणसाला विचारूनच आत घ्यावं लागेल. नाव, आईचं नाव, काय चालत नाही, सगळं कागदावर. त्यासाठी किती सिस्टर खाली पाठवू ते सांगा. बाहेर रांगेत किती जण आहेत?"

"मोजून सांगते," ती म्हणाली.

फोन कानाशी धरूनच ती खिडकीपाशी गेली. अकरा वर्षं ही रांग तिला इथून दिसत होती. हातात कागदांच्या पिशव्या, कुणी भिंतीला टेकलेलं, कुणी उन्हात डोळ्यांवर हात धरून उभं. एक बाई रांग मोडून पुढे काय चाललंय ते बघायला गेली आणि परत आपल्या जागी आली. तिने एकदा मोजले, दारापासून मागे. आकडा आला. तो तिने सांगितला नाही. मग बाबांसारखे पुन्हा मोजले, उलट, शेवटच्या माणसापासून पुढे, एकेका तोंडाकडे थांबून.